पेशी गेल्या, फुप्फुस उरलं

२०१०. अमेरिकेतलं न्यू हेवन, येल विद्यापीठातली लॉरा निकलसन यांची प्रयोगशाळा. तुमच्यासमोर काचेच्या भांड्यात उंदराचं फुप्फुस आहे. त्याच्या रक्तवाहिन्यांमधून डिटर्जंटचं द्रावण फिरतंय आणि गुलाबी रंग उतरत चाललाय. पेशी धुऊन निघाल्या, तरी फुप्फुसाचा आकार शाबूत आहे. मागे राहिली ती कोलॅजन, इलॅस्टिन आणि इतर प्रथिनांची पांढुरकी, आरपार दिसणारी जाळी.

पेशीएवढे व्हा आणि श्वासनळीतून आत उतरा. फाट्यांमागून फाटे, मग वायुकोश. भिंत दाबून बघा: मऊ आहे, ताणली तर जागेवर परत येते. बेडकाच्या फुप्फुसातले वायुकोश आणि केशवाहिन्या इटलीतल्या बोलोन्याचे वैज्ञानिक माल्पिगी यांनी १६६१ मध्ये पाहिल्या होत्या. ही भिंत पेशींशी बोलते, हे समजायला पुढची तीन शतकं लागली.

मागून लोंढा येतोय, सांभाळा! उंदराच्या पिल्लांच्या फुप्फुसातल्या पेशी श्वासमार्गातून सोडल्यात, रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी रक्तवाहिन्यांतून. कुठे जायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. तरी वायुकोशातल्या पेशी वायुकोशात रुजतात, श्वासनळीतल्या श्वासनळीत. त्यांच्या अंगावरची इंटिग्रिन प्रथिनं जाळीला धरतात, ती कशाची आहे, किती कडक आहे हे चाचपतात आणि खबर आत पोचवतात. काही दिवसांनी हे फुप्फुस जिवंत उंदराला जोडतील आणि ४५ मिनिटं ते २ तास ते रक्ताला ऑक्सिजन देईल. पण पेशींना आपापली जागा ओळखता आली, याचंच मला जास्त अप्रूप वाटतं.

आता २०१२, मिशिगनमधलं ॲन आर्बर. ही जाळी माणसाची आहे, फुप्फुसाच्या फायब्रोसिसने, म्हणजे व्रण साचून फुप्फुस ताठर होण्याने, आजारी असलेल्या माणसाची. तिला टेकताच दचकाल. निरोगी जाळीचा कडकपणा सुमारे १.६ किलोपास्कल, हिचा ७ च्या वर. हिच्यावर सोडलेल्या, जाळी विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी बघता बघता बदलतात, आकुंचन पावणारी प्रथिनं बनवू लागतात. भोवती एकही आजारी पेशी नाही. त्यांना बिघडवलं ते भिंतीने.

अशाच रुग्णाच्या छातीत शिरा. इथल्या जाळीत टीजीएफ-बीटा हा संदेश कुलूपबंद साठवलेला आहे. पेशी धागा ओढते. मऊ जाळी ओढीसरशी सरकली असती आणि कुलूप तसंच राहिलं असतं. ही कडक जाळी हलत नाही, म्हणून कुलूपच उघडतं. मोकळा झालेला संदेश शेजारच्या पेशीपर्यंत जातो: कोलॅजन वाढव. ती वाढवते, जाळी आणखी ताठरते, पुढची ओढ आणखी कुलपं उघडते. रुग्णाला जिना चढताना धाप लागते.

२०१४ मध्ये अमेरिकेत पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब या औषधांना मंजुरी मिळेल. त्यांनी आजाराचा वेग कमी होतो, झालेला व्रण भरून येत नाही. पेशींना आवरणाऱ्या औषधांइतकाच या ताठरलेल्या जाळीला पुन्हा मऊ करण्याचा शोध मला निकडीचा वाटतो.