भुताचे नाव गेले तेव्हा

मराठी मुलखात भुतांची वाण कधीच नव्हती. पिंपळावर मुंजा, डोहात आसरा, पाणवठ्याला गिऱ्हा, पुरलेल्या धनावर समंध, शिवेवर वेताळ, रानात वाट चुकवणारा चकवा. तरीही बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'पासून, म्हणजे १८५७ पासून पुढे जवळजवळ शंभर वर्षे मराठीत कादंबऱ्या निघत राहिल्या, पण एवढ्या मोठ्या साठ्यातून निव्वळ भीतीच्या बळावर उभ्या राहिलेल्या भयकादंबरीची परंपरा काही तयार झाली नाही. ती घडली नारायण धारपांच्या हातून, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. या उशिराचे कारण सांगताना नव्या शिक्षणाने आलेली विवेकबुद्धी आणि समीक्षकांनी मुरडलेली नाके यांचा उल्लेख हमखास होतो. दोन्हींत तथ्य आहे, पण खरे कारण मला भुतांतच दिसते. आपल्या लोकपरंपरेतले भूत भीतिदायक होते, गूढ नव्हते. त्याला नाव होते, ठिकाण होते आणि उतारा होता. ज्याचा उतारा ठरलेला आहे, त्याच्यावर तीनशे पाने लिहिता येत नाहीत.

याचा पुरावा शंभर वर्षांपूर्वीच्या एका संग्रहात सापडतो. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांचा १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांनी वध केला, हे सर्वांना ठाऊक असते. याच जॅक्सन यांनी लोकसमजुतींची माहिती जमवली होती आणि त्यांच्यामागे आर. ई. एन्थोव्हेन यांनी तिचे संपादन केले, हे फारसे कुणाच्या लक्षात नसते. कोकणावरचा भाग १९१५ मध्ये निघाला. त्यातली बरीचशी माहिती गावोगावच्या शाळामास्तरांनी प्रश्नावलीला दिलेल्या उत्तरांतून आलेली आहे, त्यामुळे तिला प्रत्यक्ष गावाचा वास आहे. ती वाचताना जाणवते की भूत म्हणजे कुणाचे तरी राहून गेलेले काम. मुंज झाली पण लग्नाआधी गेला तो मुंजा. त्याच्यासाठी पिंपळाला पार बांधायचा, प्रसंगी त्या झाडाचीच मुंज लावायची. संततीवाचून गेला किंवा ठेव्यात जीव अडकला तो समंध. बाळंतपणात गेलेली बाई परत येऊ नये म्हणून तिच्या प्रेतामागे वाटेवर राळे टाकत जायचे आणि उंबरठ्यात खिळा ठोकायचा. ते बारीक दाणे एकेक वेचल्याशिवाय तिला घरी परतता येत नाही, अशी समजूत. जिला वाचवता आले नाही, तिलाच घराबाहेर रोखून धरण्यासाठी केलेली ही सोय पाहिली की अंगावर काटा येतो, पण तो भुताच्या भीतीने नव्हे. भुतांची ही यादी म्हणजे समाजाच्या थकबाकीची वहीच आहे. खवीस कोणत्या जातीचा, देवचार कोणाचा, जखीण सवाष्ण की विधवा, अशा नोंदींतून मेल्यावरही जात आणि सौभाग्य सुटलेले नाही हे दिसते.

झाड लागले, म्हणजे भुताने माणसाला धरले, की पुढचा विधीही ठरलेला असे. भगत बसायचा, धूप जाळायचा, तांदळाचे दाणे टाकून पाहायचा आणि मग झाडाला दरडावून विचारायचा: तू कोण, कुठला, तुला काय पाहिजे? भूत धरलेल्या माणसाच्या तोंडून आढेवेढे घेत नाव सांगायचे आणि मागणी मांडायचे: कोंबडे, नारळ, तिठ्यावर दहीभात. देणे देऊन झाले की त्याला बाटलीत कोंडायचे किंवा झाडाच्या खोडात खिळा ठोकून जखडायचे. नाव कळले की निम्मे काम झाले. भुतांच्या मौखिक गोष्टी याच साच्यातल्या असल्यामुळे त्या छोट्या आणि चटकदार असतात. कादंबरीला लागणारी अनिश्चितता त्यांच्यात मावत नाही.

भुताच्या आत दडलेली खरी तक्रार मात्र कादंबरीने फार लवकर उचलली, पण भुताला वगळून. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः येऊ लागली. तिच्यातली यमू जिवंतपणीच स्वतःच्या तोंडाने आपली कर्मकहाणी सांगते. एरवी जी बाई मेल्यावर झाड बनून बोलली असती, तिला हरिभाऊंनी जिवंतपणी बोलते केले. सुधारणेच्या काळातल्या गंभीर कादंबरीला भुताची गरज उरली नाही, ती यामुळेच. दुसरीकडे, गो. ना. दातारांसारख्यांच्या, इंग्रजी कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या वळणाच्या रहस्यकादंबऱ्यांनी वाचक खिळवून ठेवले, पण त्यांतले भय गुहा, भुयारे आणि कारस्थाने यांचे होते. गंभीर कादंबरीने भुताची तक्रार घेतली, रंजक कादंबरीने त्याचा अंधार घेतला आणि भूत तेवढे मधल्या मध्ये राहून गेले.

धारपांनी (१९२५–२००८) काय केले, ते या पार्श्वभूमीवर नीट कळते. त्यांनी भुताचे नाव काढून घेतले. त्यांच्या कादंबऱ्यांची सुरुवात साधी असते: नोकरी करणारा, हिशेबी, भुताखेतांवर विश्वास नसलेला माणूस, वारशाने आलेले किंवा स्वस्तात मिळालेले घर, एखादी बंद खोली. '४४० चंदनवाडी' हे शीर्षकच पाहा. तो पत्ता घराचा आहे, भुताचा नाही. आत जे आहे त्याला जात नाही, सुतक नाही, न फेडलेले देणे नाही. ते माणसाच्या आधीपासून आहे, त्याला माणसाचे सोयरसुतक नाही आणि नारळ देऊन ते परत जाणार नाही. समोरचे काय आहे हेच कळत नसल्यामुळे प्रत्येक पान पुढे ढकलले जाते. मराठी भयकादंबरीला लांबी मिळाली ती इथे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे सगळे उसने. आक्षेप खरा आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. 'शपथ'च्या मागे स्टीफन किंगची 'इट' आहे, 'आजी' या कथेच्या मागे किंगचीच 'ग्रॅमा', आणि माणसाआधीच्या अनाम शक्तींची कल्पना लव्हक्राफ्टच्या घरची. पण रूपांतर हा मराठी कादंबरीचा आणि रंगभूमीचा जुना रस्ता आहे. पाहायचे ते उसन्या बीजाचे इथे काय उगवले. किंगच्या गावातली मुले किंवा मोठी माणसे एकटी पडतात, त्यांना एकमेकांच्याच आधाराने लढावे लागते. धारपांनी त्या जागी समर्थ आणले, आणि त्यांची हकिगत सांगायला अप्पा जोशी. हे समर्थ सुपात तांदूळ घेऊन बसलेले भगत नव्हेत, साधनेने मिळवलेल्या आत्मबळावर उभा असलेला माणूस आहेत. ज्या घरांत तिन्हीसांजेला समर्थ रामदासांची भीमरूपी म्हणायची रीत होती, तिथल्या वाचकाला या नावातच धीर मिळत होता. धारपांच्या समर्थांमुळे शेवटी भीतीची धार थोडी बोथट होते, हे मला मान्य आहे. समर्थ आले की सुटका होणार हे वाचक ओळखतो. म्हणून समर्थ नसलेल्या त्यांच्या कादंबऱ्या मला अधिक भेदक वाटतात. बीज पुढेही फिरत राहिले: धारपांची 'आजी' राही अनिल बर्वे यांच्या मनात घोळत राहिली आणि २०१८ च्या 'तुंबाड' चित्रपटात उतरली; त्या चित्रपटाला नाव मिळाले श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा ज्या महाराष्ट्रात खून झाला, तिथे भुताच्या कादंबऱ्या वाचा म्हणून सांगणे योग्य आहे का? २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा कशाला शिक्षा देतो ते पाहू. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारहाण करणे, कुणी करणी करतो असे सांगून त्याच्यावर गाव उठवणे, हे गुन्हे आहेत. यातला प्रत्येक गुन्हा नाव घेण्यातून सुरू होतो: अमकीने केले, तमक्याचे भूत आहे. कादंबरीतले अनाम भूत शेजारच्या विधवेकडे बोट दाखवत नाही. मात्र हे सगळ्याच पुस्तकांना लागू होत नाही, हेही सांगितले पाहिजे. खुद्द धारपांच्या एका कादंबरीचे नाव 'चेटकीण' आहे, आणि या नावाने खेड्यापाड्यांत खऱ्या बायकांचे जीव गेले आहेत. अशी पुस्तके वाचताना हे भान सुटता कामा नये.

रत्नाकर मतकरींना या अडचणीची जाणीव होती असे मला वाटते. आपल्या लेखनाला ते भयकथा न म्हणता गूढकथा म्हणत. 'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम' अशा संग्रहांत भय बाहेरून चालून येत नाही, ते माणसाच्या हावेतून, अपराधी मनातून, घरातल्या गप्प बसलेल्या क्रौर्यातून वर येते. तक्रार इथे परत आली, पण तिचा धनी मेलेला माणूस नसून जिवंत माणूस झाला. हृषीकेश गुप्ते यांच्या 'दंशकाल'मध्ये गाव, कुटुंब आणि वेड यांची गाठ पुन्हा बसते, आणि तिथे भूत आहे की नाही हा प्रश्न दुय्यम ठरतो, कारण त्या घरातल्या हिंसेचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चुकता झालेला नसतो.

म्हणून या वाटेने जाणाऱ्या वाचकाला मी क्रम सुचवीन तो असा: आधी शाळामास्तरांच्या त्या नोंदी, मग धारप, मग मतकरींच्या कथा आणि शेवटी गुप्ते. पहिल्यात नावे आणि देणी आहेत, धारपांत दोन्ही पुसली गेली आहेत, पुढच्या दोघांत देणी परतली आहेत. बाळंतपणात गेलेल्या आणि राळ्याचे दाणे वेचत घराकडे निघालेल्या बाईची कादंबरी, तिच्याच बाजूने, तिच्या तोंडून सांगितलेली, मात्र अजून माझ्या वाचनात आलेली नाही. ती लिहायला लागणारी सगळी सामग्री १९१५ पासून छापील स्वरूपात पडून आहे.