देवराई, पेनठाणा, सरना, स्मशान: वनजमिनीवरील परंपरेच्या जागांसाठी सामूहिक वनहक्क दावा

तुमच्या गावाचा देव वनजमिनीवर असेल, तर हे पान तुमच्यासाठी आहे. देव म्हणजे देऊळच असावे असे नाही. शेंदूर लावलेला दगड, वाघदेवाचा लाकडी खांब, सालाच्या झाडांचा जुना राखलेला तुकडा, पूर्वजांच्या नावाने उभे केलेले दगड, नव्या धान्याची पूजा होते ती जागा, मयत पुरण्याची जागा, यांपैकी काहीही असू शकते. सरकारी नकाशात अशा ठिकाणी बहुधा फक्त कक्ष क्रमांक असतो. उद्या तिथून रस्ता, कालवा किंवा खाण न्यायचे ठरले, तर कागदावर तिथे काहीच नसते.

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वन निवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ हा कायदा ३१ डिसेंबर २००७ पासून लागू आहे. त्याचे नियम २००८ चे असून २०१२ मध्ये त्यांत मोठी सुधारणा झाली. बहुतेक गावांत तो 'शेतीच्या पट्ट्याचा कायदा' म्हणूनच ओळखला जातो. प्रत्येक कुटुंब आपापल्या शेताचा दावा भरते आणि सगळ्यांच्या शेतांमधली देवाची जागा कोणाच्याच अर्जात येत नाही.

कायद्यात काय म्हटले आहे

कलम ३ मध्ये वैयक्तिक शेतीबरोबर सामूहिक हक्कही आहेत: निस्तार, गौण वनोपज, चराई, मासेमारी, जैवविविधता व सांस्कृतिक विविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरचा समाजाचा हक्क आणि रूढीने चालत आलेले इतर पारंपरिक हक्क. आपल्या सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्कही त्यात आहे. कलम ५ नुसार, वनात राहणाऱ्यांच्या सांस्कृतिक व नैसर्गिक वारशाला बाधा आणणाऱ्या विध्वंसक कामांपासून त्यांच्या अधिवासाचे जतन करण्याचा अधिकार हक्कधारकांना व ग्रामसभेला आहे.

पारंपरिक शिकारीचा हक्क मात्र या कायद्यातून स्पष्टपणे वगळला आहे. सणाच्या शिकारीची चाल तुमच्याकडे असेल, तरी ती या दाव्यात लिहू नका.

अनुसूचित क्षेत्रातील गावांना पेसा कायद्याचाही (१९९६) आधार आहे. आपल्या परंपरा, रूढी, सांस्कृतिक ओळख, सामूहिक साधनसंपत्ती आणि तंटे मिटवण्याची रूढ पद्धत यांचे जतन करण्यास प्रत्येक ग्रामसभा सक्षम आहे, असे तो कायदा सांगतो. ग्रामसभेच्या ठरावात या दोन्ही कायद्यांचा उल्लेख करा.

कोणता अर्ज भरायचा

नमुना 'अ' वैयक्तिक दाव्याचा, 'ब' सामूहिक हक्कांचा आणि 'क' सामूहिक वनसंपत्तीचा, म्हणजे गावाच्या रूढ सीमेतील संपूर्ण वनाचा. देवाच्या जागेसाठी 'ब' भरा आणि ती जागा 'क' च्या नकाशातही दाखवा. दोन्ही ठिकाणी नाव आले तर पुढे वाद कमी होतो. अर्ज मोफत मिळतात.

हिंदी भाषक राज्यांत राहणाऱ्यांनी एक गोष्ट नीट पाहावी. तिथल्या प्रतींत हेच तीन नमुने साधारणपणे क, ख, ग असे असतात. म्हणजे मराठीतला 'क' हा सामूहिक वनाचा, तर हिंदीतला 'क' हा वैयक्तिक दाव्याचा. बैतूल किंवा छिंदवाड्याकडच्या नातेवाइकाने 'क भरा' असे फोनवर सांगितले, तर अक्षरावर जाऊ नका, अर्जाचे शीर्षक वाचा.

पुरावा: म्हाताऱ्या माणसाचा शब्दही चालतो

'आमच्याकडे कागद नाही' म्हणून अनेक गावे दावाच करत नाहीत. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. तिच्यात गॅझेटियर, जुने नकाशे, संस्थानकाळातल्या नोंदी आहेत, तशाच विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थाने यांसारख्या जुन्या खुणाही आहेत. वंशावळ आहे. सामूहिक वनासाठी पवित्र झाडे, देवराया, तळी, नदीकाठच्या जागा आणि स्मशाने यांचा वेगळा उल्लेख आहे. नामवंत संशोधन संस्थेने केलेली रूढी-परंपरांची नोंदही चालते. आणि दावेदारांव्यतिरिक्त इतर वृद्धांचे लेखी घेतलेले जबाब हाही पुरावाच आहे.

दाव्यासोबत यांपैकी किमान दोन पुरावे लागतात. ठराविक एकच कागद आणा, असा आग्रह उपविभागीय किंवा जिल्हास्तरीय समितीला धरता येत नाही. उपग्रह चित्र पूरक म्हणून वापरता येते, पण ते इतर पुराव्यांच्या जागी चालत नाही. 'चित्रात दिसत नाही' एवढ्या कारणावर कोणी थांबवले, तर नियम १२-अ दाखवा.

जबाबाचे काम सर्वांत आधी करा. नकाशा पुढच्या वर्षीही मिळेल. पण जागेच्या चारही सीमा चालत दाखवू शकणारी दोनतीनच माणसे गावात उरली असतील, तर ती पुढच्या वर्षी असतीलच असे नाही. सामूहिक दाव्यात सगळा गावच दावेदार असतो. म्हणून आपल्या वृद्धांबरोबर शेजारच्या गावातील, जत्रेला येणाऱ्या पाहुण्या गावांतील वृद्धांचाही जबाब घ्या. दुसऱ्या गावात लग्न करून गेलेल्या वृद्ध लेकींना विचारा. त्यांचा शब्द बाहेरच्या गावाचा म्हणून धरला जाईल आणि लहानपणी काय पाहिले ते त्या नेमके सांगतात.

साल विचारले की वृद्ध माणसे गोंधळतात. 'धरण होण्याआधी की नंतर?', 'मोठा दुष्काळ पडला तेव्हा तुम्ही केवढ्या होता?' असे विचारा. उत्तर त्यांच्या बोलीत लिहून घ्या, खाली मराठी लिहा, सही किंवा अंगठा घ्या. शक्य असेल तर त्या जागेवरच जबाब घ्या. जागेचे नाव गोंडी, कोलामी, कोरकू, भिली जसे असेल तसेच ठेवा, मराठीत 'शुद्ध' करायला जाऊ नका. पेनठाण्याला कागदावर 'मंदिर' लिहिले की वाचणारा इमारत शोधतो आणि इमारत सापडत नाही. हे पान मराठीत आणताना आम्हालाही असा एकच शब्द सापडला नाही. झारखंडचे सरना, संथाळांचे जाहेरथान आणि सह्याद्रीतली देवराई या सगळ्या राखलेल्या जागाच, पण त्यांचा देव, पुजारी आणि नियम वेगळे. म्हणून शीर्षकात नावे तशीच ठेवली आहेत.

पूजा कशी होते, कोणती गाणी म्हणतात, कोणती मुळी औषधाला वापरतात हे सांगायला गायता, भगत किंवा पाहन तयार नसेल तर त्यांना आग्रह करू नका. अर्जात हक्काचे स्वरूप आणि पुरावा विचारला आहे, विधी विचारलेला नाही.

ग्रामसभा आणि महिला

गाव किंवा पाड्याची ग्रामसभा आपल्यातून १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडते. तिच्यात किमान दोन-तृतीयांश सदस्य अनुसूचित जमातीचे आणि किमान एक-तृतीयांश महिला असाव्या लागतात. सभेला एकूण सदस्यांपैकी निम्मे हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक-तृतीयांश महिला हव्यात. काही देवस्थानांत बायकांनी जाऊ नये अशी रूढी आहे. ती रूढी त्या जागेपुरती असते, ग्रामसभेला लागू होत नाही. महिलांची हजेरी अपुरी असेल तर ठरावच अडकतो. शिवाय कंद, मोहफुले, पाण्याचे झरे कुठे आहेत ते त्यांनाच जास्त माहीत असते आणि नकाशात तेही लागते.

रस्ता हवा आहे, देवही हवा आहे

हा प्रश्न गावोगावी येतो आणि त्यावर घरातच भांडणे होतात. मुलांना रस्ता व शाळा हवी असते, वृद्धांना देवाच्या जागेची काळजी असते. या कायद्यात दोन्हींची सोय आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, वीज व दूरसंचार वाहिन्या, पाण्याच्या टाक्या अशा १३ सुविधांसाठी वनजमीन देता येते. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस आवश्यक, अशा अटी आहेत. शिफारस करतानाच ठरावात लिहा की रस्ता कोणत्या बाजूने जाईल आणि कोणत्या जागेपासून लांब राहील. मोजणी झाल्यावर बोलणे उशिराचे ठरते.

मोठ्या प्रकल्पांबाबत ओडिशातील नियमगिरीचे उदाहरण माहीत असू द्या. तिथले डोंगरिया कोंध लोक नियम राजाला मानतात आणि डोंगरमाथा राखतात. त्या माथ्यावर बॉक्साइटची खाण प्रस्तावित होती. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, तेथील लोकांच्या धार्मिक व सांस्कृतिक हक्कांचा विचार ग्रामसभांनी करावा, असे सांगितले. रायगडा व कलाहांडी जिल्ह्यांतील १२ ग्रामसभा भरल्या. त्या बाराही सभांनी खाणीला नकार दिला आणि जानेवारी २०१४ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने परवानगी नाकारली. त्यातल्या काही वाड्या अगदी लहान होत्या.

कातकरी, कोलाम, माडिया गोंड

देशात ७५ समाज विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून ओळखले जातात. महाराष्ट्रात हे तीन आहेत. त्यांना एका गावापुरता नव्हे, तर पूर्वापार वावराच्या संपूर्ण प्रदेशाचा 'अधिवास हक्क' मागता येतो आणि तो पारंपरिक पंचांमार्फत मागता येतो. मध्य प्रदेशात दिंडोरी जिल्ह्यातील बैगांना असा हक्क मिळाला आहे. तुमचा समाज यात येत असेल तर 'ब' अर्जातील अधिवासाचा रकाना रिकामा सोडू नका.

अर्ज दिल्यानंतर

वनहक्क समिती वन विभागाला कळवून जागेची पाहणी करते, ग्रामसभा ठराव करते, दावा उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हास्तरीय समितीकडे जातो. दावे मागवल्यापासून तीन महिन्यांची मुदत असते, पण कारण नोंदवून ग्रामसभा ती वाढवू शकते. ग्रामसभेचा ठराव अपुरा वाटला तर वरच्या समितीने तो फेरविचारासाठी परत पाठवायचा असतो, परस्पर फेटाळायचा नसतो. नकार आला तर तो कारणांसह लेखी मागा. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे ६० दिवसांत दाद मागता येते. जिल्हास्तरीय समितीचा निर्णय कायद्यानुसार अंतिम असतो. महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रात मात्र २०२० च्या राज्यपालांच्या अधिसूचनेनुसार विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अपील करता येते.

दाव्यांची पडताळणी व मान्यतेची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत वननिवासींना त्यांच्या ताब्यातील वनजमिनीवरून हटवता येत नाही. प्रत्येक टप्प्यावर पोच घ्या आणि तिची एक प्रत ग्रामसभेच्या दप्तरात ठेवा, कोणा एकाच्या घरी नको.

अधिकारपत्र हाती आले की त्यातील सीमांचे वर्णन आणि अटी सभेत मोठ्याने वाचून घ्या. तुम्ही लिहिलेली जागा त्यात नावानिशी आहे का, ते जबाब देणाऱ्या वृद्धांकडून तपासून घ्या. नाव राहिले असेल तर लगेच समितीला लेखी कळवा आणि त्याचीही पोच घ्या.