अश्वत्थाम्याचे भुयार

नर्मदेच्या काठी, कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत हिंडणारा अश्वत्थामा मराठी घरांना परका नाही. बऱ्हाणपुराजवळच्या असीरगडावरील महादेवाला पहाटे तोच फूल वाहून जातो, अशी समजूत त्या बाजूस आजही ऐकू येते. हाच अश्वत्थामा समुद्रापलीकडे, मध्य जावातील एका थंड पठारावर, जमिनीखालून भुयार खणून गेला असे तेथील लोक मानतात. पांडवांच्या शिबिरात रात्री गुपचूप शिरण्यासाठी त्याने ते खणले, ही त्यांची कथा. भुयार मात्र खरेच आहे. भुईत उतरणारी त्याची उभी विवरे पाहावयास मिळतात. फक्त ते कोणा शत्रूच्या शिबिरात जाण्यासाठी खणलेले नसून पठारावर साचणारे पाणी काढून देण्यासाठी, हजारएक वर्षांपूर्वीच्या अनामिक कारागिरांनी खणलेले आहे.

हे पठार म्हणजे दिएंग. उंची सुमारे दोन हजार मीटर. एका प्राचीन ज्वालामुखी प्रदेशातील हा खोलगट सपाट भाग चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेला आहे. नावाचा अर्थ ‘देवांचे स्थान’ असा लावतात. जुन्या जावानी भाषेतील ‘ह्यांग’ म्हणजे देव किंवा पूर्वजांचे आत्मे. पठारावर दिएंग याच नावाची दोन गावे आहेत. पश्चिमेचे ते दिएंग कुलोन, पूर्वेचे ते दिएंग वेतान. पहिले बांजारनगारा जिल्ह्यात, दुसरे वोनोसोबो जिल्ह्यात. हवा एक, पीक एक, बोली एक. पण शीव मधून गेलेली. सीमाभागात राहणाऱ्यांना याचे फार नवल वाटू नये.

मंदिरांचा मुख्य समूह दिएंग कुलोनच्या हद्दीत येतो. इसवी सनाच्या सातव्या-आठव्या शतकांपासून बांधली गेलेली ही दगडी शिवालये जावातील सर्वांत जुन्या उभ्या वास्तूंपैकी होत. येथे सापडलेल्या एका शिलालेखावर शके ७३१, म्हणजे इ. स. ८०९, हा काल आहे. आज आठ मंदिरे ओळखता येतात, आणि त्यांची नावे वाचताना महाभारताचे पान उघडल्यासारखे वाटते: अर्जुन, श्रीकांडी, पुंतादेवा, सेंबाद्रा, गातोत्काचा, बिमा, द्वारावती. पुंतादेवा म्हणजे युधिष्ठिर. सेंबाद्रा म्हणजे सौभद्र नाटकामुळे मराठी रसिकांच्या घरची झालेली सुभद्रा. श्रीकांडी हा आपला शिखंडी. परंतु जावात तो स्त्रीच राहिला, धनुर्विद्येत निपुण झाला आणि अर्जुनाची पत्नी बनला. आठवे नाव सेमार. ते आपल्या महाभारतात शोधून सापडणार नाही. सेमार हा पांडवांचा जावानी सेवक, ढेरपोट्या, विनोदी आणि मुळात देव असलेला. त्याचे बुटके देऊळ अर्जुनाच्या देवळासमोर अगदी सेवकासारखे बसले आहे.

परंतु ही नावे बांधणाऱ्यांची नव्हेत. ज्यांनी ही मंदिरे उभारली त्यांनी ती शिवासाठी उभारली. श्रीकांडी मंदिराच्या बाहेरील भिंतींवर ब्रह्मा, विष्णू व शिव कोरलेले आहेत. पांडवांचा तेथे मागमूस नाही. वाहनांच्या मूर्तीही विलक्षण आहेत. नंदीचे तोंड बैलाचे, शरीर माणसाचे, आणि त्याच्या खांद्यावर शिव बसलेला, अशी एक मूर्ती गावच्या संग्रहालयात आहे. पुढे केव्हातरी ही वस्ती मोडली, पूजा थांबली, आणि भुयाराची निगा राखणारे कोणी उरले नाही. पाणी तुंबले. जावा ब्रिटिशांच्या ताब्यात असताना, १८१४ मध्ये, युरोपियांच्या दृष्टीस हे ठिकाण पडले तेव्हा देवळे तळ्यातून वर डोकावत होती व पठार जवळजवळ ओसाड होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डच अमलात ते पाणी काढण्यात आले. व्हान किन्सबर्गेन या छायाचित्रकाराने १८६४ मध्ये येथील अवशेषांची चित्रे घेतली.

रिकाम्या पठारावर त्या शतकात हळूहळू नवी वस्ती आली. हे लोक मुसलमान होते. देवळे कोणाची, कोणी बांधली, त्यांना कोण सांगणार? मात्र रात्र रात्र चालणाऱ्या चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळातून, वायांगमधून, पांडव त्यांना सख्ख्या नातलगांइतके ठाऊक होते. जावानी माणसाने धर्म बदलला, पण भीमार्जुनांना घराबाहेर काढले नाही. निनावी दगडांना त्याने आपल्या ओळखीची नावे दिली, आणि भुईतील भोकांना अश्वत्थामा मिळाला.

पाणी हा दिएंगच्या इतिहासातील खरा नायक म्हटला पाहिजे. दिएंग वेतानच्या हद्दीत ‘तुक बिमा लुकार’ नावाचा झरा आहे. जुन्या दगडी पन्हळींतून त्याचे पाणी पडते, आणि तेच सेरायू नदीचे उगमस्थान मानतात. नदीचे नाव ऐकताच आपल्या कानाला शरयू आठवते. गावकऱ्यांची कथा मात्र वेगळी आहे. भीमाने येथे एक रूपवती पाहिली व ‘सिरा आयू’, तू सुंदर आहेस, असे उद्गार काढले, त्यावरून सेरायू.

या पाण्याशी आणखी एक चाल निगडित आहे. दिएंगच्या काही मुलांच्या केसांत लहानपणी, बहुधा कडक तापानंतर, आपोआप जटा होतात. गावाचा आद्यपुरुष मानल्या गेलेल्या क्याई कोलोदेते याचा तो वारसा समजतात. जट कापावयाची ती मूल स्वतः मागेल तेव्हाच, आणि त्या वेळी ते जे मागेल ते देऊन. कोणी शेळी मागते, कोणी अंगठी, कोणी खाऊ. कापलेले केस पाण्यात सोडतात. सौंदत्तीच्या परिसरात मुलीच्या डोक्यातील जट ही यल्लम्माची हाक समजून तिचे उभे आयुष्य देवीला वाहिले गेल्याची उदाहरणे बेळगावकरांनी पाहिली आहेत. दिएंगच्या पोराचे बरे म्हणावयाचे. त्याला शेळी मिळते आणि केस कापून ते मोकळे होते.

ही भूमी तशी सौम्य नाही. सिकिडांग विवरात चिखल सतत उकळत असतो. १९५५ च्या एप्रिलमध्ये लगेतांग नावाची वाडी रात्रीत डोंगराखाली गाडली गेली. तीनशेहून अधिक माणसे गेली. १९७९ च्या २० फेब्रुवारीस पहाटे सिनिला विवराचा स्फोट झाला. कपुचुकान गावचे लोक घरे सोडून वाटेने पळाले, आणि वाटेतच जमिनीतून निघालेला कार्बन डायॉक्साईड वायू त्यांना आडवा आला. हवेहून जड असा हा वायू सखल जागी दबा धरून बसतो. त्याला रंग नाही, वास नाही. सुमारे दीडशे माणसे रस्त्यावर मरून पडली. घरातच थांबती तर कदाचित वाचती.

तरीही लोक पठार सोडून गेले नाहीत, याचे कारण बटाटा. १९८० नंतरच्या दशकांत तंबाखू व मका मागे पडून बटाट्याने पठार आणि भोवतालचे उतार व्यापले. पक्की घरे उठली, वाहने आली, बटाट्याच्या पैशावर हजयात्रा घडल्या. विषुववृत्तापासून अवघ्या सात अंशांवर असूनही जुलै-ऑगस्टमध्ये येथे दहिवर गोठते व पाने करपतात. त्याला ‘एंबुन उपास’ म्हणतात, म्हणजे विषारी दव. हा ‘उपास’ आपल्या उपासाहून निराळा; पण पीक गेलेल्या शेतकऱ्याच्या घरी दोन्हींत फारसे अंतर राहत नाही.

बटाट्याला मुळाशी पाणी साचलेले खपत नाही. म्हणून येथील शेतकरी वरंबे उताराला आडवे न घालता वरून खाली सरळ ओढतो. पाणी झटकन निघून जाते, कंद कुजत नाही, आणि पाण्याबरोबर ज्वालामुखीची सुपीक राखमाती निघून जाते. उणे भरून काढण्यासाठी कोंबडीखताच्या गोण्या ट्रकांतून वर चढतात. आडवे वरंबे घाला, झाडे लावा, हा सल्ला जाणकार वर्षानुवर्षे देत आहेत. मात्र सल्ला मानून एका हंगामाचा कंद कुजला तर कर्ज कोण फेडणार, या प्रश्नाचे उत्तर त्या सल्ल्यात नसते. शेतकऱ्याला अडाणी ठरवणे त्यामुळे फारसे न्याय्य होणार नाही.

ती माती ओढ्यांतून सेरायूत जाते. बांजारनगाराजवळ या नदीवर १९८० च्या दशकात म्रिचा येथे मोठे धरण बांधून वीज निर्माण करण्याची योजना झाली; सेनापती सुदिरमान यांचे नाव त्याला दिले आहे. त्याचा जलाशय अपेक्षेपेक्षा फार वेगाने गाळाने भरत गेला. वर पठारावर पावसाळ्यात अर्जुनाच्या देवळाभोवतीची हिरवळ ओलीगच्च होते, धुके उतरते, आणि वरंब्यांमधून तांबूस पाणी धावू लागते. ते कोठे जाऊन थांबते, हे खाली धरणावर गाळ उपसणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे.