सक्रिय गाळ आणि प्राणवायू : मँचेस्टर ते वसई-विरार

प्रस्तावना

नगरांच्या इतिहासात पाणी कोठून आले याची नोंद सविस्तर आढळते. वापरलेले पाणी कोठे गेले याची नोंद क्वचितच होते. वसई परिसरात ही उणीव विशेष जाणवते. येथील बागायती जीवन विहिरी, तळी व बावखले यांच्या आधाराने चालत आले. सांडपाणी अल्प होते व ते वाडीतच जिरत असे. १९९० मध्ये सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नियुक्ती झाली, ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा व काही ग्रामपंचायती मिळून महानगरपालिका अस्तित्वात आली आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली. एवढ्या वस्तीचे मैलापाणी वाडीत जिरणे शक्य नव्हते.

सक्रिय गाळाचा शोध

मैलापाण्यात हवा सोडल्यास ते शुद्ध होते, हे एकोणिसाव्या शतकातच माहीत होते. अडचण वेळेची होती. मँचेस्टरच्या डेव्हीहुल्म केंद्रात एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट यांनी बाटल्यांत हवा सोडली, तेव्हा पहिल्या खेपेस पूर्ण शुद्धीकरणास सुमारे पाच आठवडे लागले. त्यांनी वरचे पाणी ओतून तळाचा गाळ मात्र राखला व त्यावर नवे मैलापाणी घातले. हा क्रम वारंवार केल्यावर तेच काम २४ तासांत होऊ लागले. टाकाऊ समजला जाणारा गाळ हाच खरा कामकरी ठरला! ३ एप्रिल १९१४ रोजी त्यांनी आपला निबंध वाचला. त्यांना मार्गदर्शन करणारे गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले, ही बाब भारतीय अभ्यासकांनी सहसा दुर्लक्षिलेली दिसते.

पटलाचे आगमन

या पद्धतीत गाळ तळाशी बसला तरच स्वच्छ पाणी वेगळे होते. प्राणवायू कमी पडल्यास तंतुमय जीवाणू माजतात, गाळ फुगतो व पाण्याबरोबर वाहून जातो. गाळाच्या बसण्यावरील हे अवलंबित्व सूक्ष्मछिद्री पटलाने संपविले. १९६० च्या दशकात अमेरिकेत पटल टाकीबाहेर ठेवून प्रयोग झाले. १९८९ मध्ये जपानच्या काझुओ यामामोतो व सहकाऱ्यांनी पोकळ तंतूंचे पटल थेट वातन टाकीत बुडविले. त्यामुळे विजेचा खर्च बराच घटला व मेंब्रेन बायोरिॲक्टर व्यवहारात आला.

मात्र जुनी अडचण नव्या रूपाने पुढे आली. पारंपरिक टाकीत प्रतिलिटर २ ते ४ ग्रॅम गाळ असतो, तर येथे ८ ते १२ ग्रॅम. दाट गाळात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात व प्राणवायू कमी विरघळतो. शिवाय हवा दोन प्रकारची लागते : जीवाणूंसाठी बारीक बुडबुड्यांची आणि पटल घासून स्वच्छ ठेवण्यासाठी मोठ्या बुडबुड्यांची. कोकणातील हवामान यात भर घालते. १५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे १० मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना अवघा साडेसात. उलट उष्णतेने जीवाणूंची भूक वाढलेली असते.

वीज वाचविण्यासाठी ब्लोअर बंद ठेवला, तर दाट गाळातील विरघळलेला प्राणवायू काही मिनिटांतच संपतो. हे वारंवार घडल्यास गाळाचे पुंजके फुटतात, चिकट द्रव्ये सुटतात आणि पटलाची छिद्रे बुजतात. जुन्या पद्धतीत गाळाचे आजारपण गढूळ पाण्यातून लगेच दिसे. येथे पाणी नितळच राहते, फक्त पटलातून ते ओढण्यास लागणारा दाब वाढत जातो. दाबमापकाची रोज नोंद न ठेवणाऱ्यास हा बिघाड पटल निकामी होईपर्यंत कळणार नाही.

वसई-विरारपुढील प्रश्न

२००६ च्या पर्यावरण अधिसूचनेने २०,००० चौ.मी. व त्याहून मोठ्या बांधकामांना पूर्वपरवानगी आवश्यक केली. अशा परवानग्यांमध्ये सांडपाणी प्रक्रिया केंद्राची अट असते. त्यामुळे हे नाजूक तंत्र चालविण्याची जबाबदारी गृहनिर्माण संस्थांवरही आली. ज्या संस्थेत वीजबिलावरून सभेत वाद होतात, तेथे ब्लोअर अखंड चालेल अशी अपेक्षा धाडसाची म्हणावी लागेल. सार्वजनिक पातळीवर महापालिकेने बोळिंज येथे उभारलेल्या केंद्राची क्षमता प्रतिदिन ३० दशलक्ष लिटर आहे, आणि प्रक्रियेविना सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. २०२३ च्या अखेरीस सूर्या प्रादेशिक योजनेतून शहरासाठी प्रतिदिन १८५ दशलक्ष लिटर वाढीव पाण्याची सोय झाली. पुरवठ्याच्या ८० टक्के सांडपाणी होते या प्रचलित प्रमाणाने, पूर्ण पुरवठा झाल्यास केवळ या वाढीव पाण्याचे सांडपाणी १४८ दशलक्ष लिटर भरते.