चांदीच्या कागदाचे दिवस

कोकणातील मुलांना ‘चॉकलेट’ हा शब्द फार लवकर कळला. प्रत्यक्ष चॉकलेट मात्र पुष्कळ उशिरा भेटले. दापोली तालुक्यातील केळशीसारख्या खाडीकाठच्या गावात दुकानदाराच्या काचेच्या बरणीत जे असे, ती साखर उकळून केलेली गोळी. तिलाच आपण चॉकलेट म्हणत आलो. कारण साधे होते. कोकोचे लोणी सुमारे 34 अंशांना वितळते, आणि वैशाखात पत्र्याच्या छपराखालच्या दुकानाला तेवढी उष्णता सहज मिळे. तेव्हा या किनाऱ्यावरील चॉकलेटच्या वेष्टनाचा इतिहास सांगायचा तर तो जांभळ्या वडीपासून नव्हे, दोन्ही टोकांना पीळ दिलेल्या कागदापासून सुरू करावा लागेल.

या गोळ्यांत रावळगावचे नाव घरोघरी झाले होते. मालेगावजवळच्या या गावी शेठ वालचंद हिराचंद यांनी 1933 साली साखरेचा उद्योग उभारला. 1942 पासून तेथे गोळ्या होऊ लागल्या. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक ही नावे वाचकांपैकी अनेकांच्या जिभेवर अजून असतील. स्वस्त गोळीला मेणकागद आणि तिच्याहून मानाच्या गोळीला सेलोफेन, असा जणू वर्णभेदच बरणीत पाळला जाई! सेलोफेन हा स्विस रसायनतज्ज्ञ जॅक ब्रँडनबर्गर याचा 1908 सालचा शोध. काचेसारखा दिसणारा हा पदार्थ मूळचा लाकडाचा लगदा. त्याला पीळ दिला की तो पीळ तसाच राहतो, उलटून सुटत नाही. म्हणूनच डिंकाचा थेंबही न लावता गोळी बंद होई. लाल कागदातून समुद्राकडे पाहिले की समुद्र लाल दिसे, पिवळ्यातून पिवळा. हा खेळ संपला की कागद परसात पडे आणि पावसाळ्या-दोन पावसाळ्यांत मातीत मिसळून जाई. त्या वेळी याचे महत्त्व कोणाला वाटले नाही, हे मात्र खरे.

वडीचे चॉकलेट चाकरमान्यांच्या पिशवीतून आले. कॅडबरी कंपनीची भारतात नोंदणी झाली ती 19 जुलै 1948 रोजी. आरंभी माल परदेशातून येई. पुढे ठाण्यात कारखाना झाला, आणि तेथील चौकाला लोक कॅडबरी जंक्शन म्हणू लागले. मुंबईहून एस.टी.ने रात्रभर प्रवास करून केळशीला पोचलेली वडी पुष्कळदा वाकलेली, कधी वरून पांढुरकी झालेली असे. पण तिची दोन वस्त्रे शाबूत असत: बाहेर जांभळा कागद, आत ॲल्युमिनियमचा पातळ वर्ख. त्या वर्खाला आम्ही मुले ‘चांदी’ म्हणत असू. वडी खाणे हे क्षणाचे काम. चांदी न फाटता सोडवणे आणि नखाने घासून आरशासारखी सपाट करणे याला मात्र संध्याकाळ लागे. मग ती प्रार्थनापुस्तकात जाई. आगमनकाळ सुरू झाला की पुस्तकातून बाहेर निघे आणि नाताळच्या गोठ्यावरचा तारा होई, नाहीतर मेंढरांच्या पायाशी वाहणारा ओढा. (जांभळा रंग आम्हांला प्रायश्चित्तकाळाचा म्हणून ठाऊक होता, त्याच काळात चॉकलेट वर्ज्य, आणि चॉकलेटचा कागद नेमका जांभळा, याची गंमत आम्हांला पुष्कळ पुढे कळली.)

वेष्टनाला दुसरे आयुष्य असावे, ही दृष्टी मूळच्या कॅडबरी घराण्यातही होती. बर्मिंगहॅमच्या या क्वेकर कुटुंबातील रिचर्ड कॅडबरी यांनी 1860च्या दशकात चॉकलेटच्या पेट्यांवर स्वतः चित्रे रंगविली. त्यांची मुलेच त्या चित्रांना नमुना म्हणून बसत. चॉकलेट संपल्यावर लोक त्या पेट्यांत पत्रे आणि फिती जपून ठेवीत.

आपल्याकडील चांदी नाहीशी झाली ती कोणाच्या लहरीमुळे नव्हे. ऑक्टोबर 2003 मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, वड्यांत अळ्या आढळल्याच्या तक्रारी महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आल्या. कंपनीने दुकानांतील साठवणुकीकडे बोट दाखविले. वेष्टन हवाबंद का नव्हते, असा प्रतिप्रश्न प्रशासनाने केला. आमच्या मते प्रश्न रास्त होता. नुसत्या घडी घातलेल्या वर्खाला आणि कागदाला आपल्या दमट हवेत किडीला थोपविणे कसे जमावे? जानेवारी 2004 पासून चारी बाजूंनी उष्णतेने चिकटविलेले नवे वेष्टन आले. ज्या घरात लहान मूल आहे त्या घराने या बदलाविरुद्ध तक्रार करू नये.

तक्रार आहे ती पुढच्या गोष्टीची. प्लॅस्टिकचे पापुद्रे एकमेकांना आणि धातूच्या थराला चिकटवून केलेले आजचे वेष्टन पुन्हा सुटे करता येत नाही. ते कुजत नाही, भंगारवालाही उचलत नाही. ते दातांनी फाडले जाते आणि फाडल्या क्षणी कचरा होते. महाराष्ट्राने 2018 साली प्लॅस्टिकवर बंदी घातली तेव्हाही कारखान्यात चढविलेल्या वेष्टनांना सवलत मिळाली. केळशीच्या ज्या वाळूत सागरी कासवे अंडी घालायला येतात, तिथेच भरतीच्या रेषेवर ही चकाकती पाकिटे दिसतात. गोठ्याच्या ओढ्यासाठी ती कोणी उचलत नाही. आता ओढाही बाजारात तयार मिळतो.

रावळगावच्या गोळ्यांची नावे आणि कृती फेब्रुवारी 2024 मध्ये 27 कोटी रुपयांना रिलायन्स समूहाकडे गेल्या. दुसरी बातमी थोडी आधीची आणि इंग्लंडची आहे. आखातात नोकरीला गेलेल्या आपल्या माणसांनी ‘क्वालिटी स्ट्रीट’चे पत्र्याचे डबे कोकणात आणले, आणि त्यांतून पुढे वर्षानुवर्षे सुया-दोरे राहिले. 1936 पासूनच्या या गोळ्यांची ओळखच त्यांच्या चकाकत्या रंगीत कागदांत होती. 2022 साली त्यांतील बहुतेकांवरचा वर्ख आणि सेलोफेन काढून टाकण्यात आले. तिकडच्या लोकांना चकाकी गेल्याचे वाईट वाटले. तिच्या जागी आला तो मेणाचा थर दिलेला साधा कागद. केळशीच्या बरणीतल्या सर्वांत स्वस्त गोळीला असे, जवळजवळ तसाच.