रत्नागिरी बंदरातील पेला व पंगत

ज्ञातीच्या स्मरणिकेत पूर्वजांच्या पराक्रमाचे वर्णन वाचावयास मिळावे, अशी वाचकांची अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. इ. स. १६७९ साली खांदेरी बेटावर इंग्रजी आरमारास दाद न देणाऱ्या मायनाक भंडाऱ्याचे नाव ऐकून कोणा ज्ञातिबांधवाची मान ताठ होणार नाही? परंतु यंदा आम्ही वाचकांस समरांगणावर न नेता रत्नागिरीच्या बाजारपेठेत नेणार आहोत. या लहानशा बंदरनगरात मनुष्य कोठे जेवत असे, कोठे पीत असे आणि मुख्य म्हणजे कोणाच्या शेजारी बसत असे, हा आमच्या लेखाचा विषय होय. विषय क्षुल्लक वाटला तरी आपल्या समाजाच्या मानापमानाचा बराचसा इतिहास त्यात साठविलेला आहे.

इ. स. १८२२ मध्ये जिल्ह्याचे मुख्य ठाणे बाणकोटाहून रत्नागिरीस आले व या गावाचे रूप पालटले. कचेरीचे कारकून, कज्जांसाठी खेटे घालणारे खोत व कुळे, विद्यार्थी आणि व्यापारी यांची ये-जा वाढली. पुढे मुंबईच्या आगबोटी येऊ लागल्या. बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू होडीतून किनाऱ्यास लागत. अशा परगावच्या मनुष्यास भूक लागली तर त्याने जावे कोठे? आज या प्रश्नाचे उत्तर खिशातील पैशांवर अवलंबून असते. त्या काळी ते जातीवर अवलंबून होते. ब्राह्मणास ब्राह्मणाची खाणावळ अथवा ओळखीच्याचे घर. इतरांस आपापल्या ज्ञातीचा सोयरा. खारवी, गाबीत व मुसलमान खलाशी आपल्या गलबतावरच चूल पेटवून भात व माशाचे कालवण शिजवीत. तिरफळ घातलेला बांगडा, आमसुलाचे सार, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी हे पदार्थ बहुतेक घरांत थोड्याफार फरकाने सारखेच होते. मत्स्याहार वर्ज्य मानणारी घरे सोडली, तर ताटात फारसा भेद नव्हता. भेद होता तो पाटात.

मात्र एक जागा अशी होती की जेथे नाना जातींचे लोक एकाच मडक्यातील पेय पीत. ती म्हणजे माडीचे दुकान. माडी काढणे हा आपल्या ज्ञातीतील पुष्कळांचा पिढीजात धंदा. माडाची न उमललेली पोय दोराने आवळावयाची, ती हलक्या हाताने ठोकून मऊ करावयाची, टोकाचा पातळ काप धारदार कोयतीने घ्यावयाचा आणि झिरपणारा रस मडक्यात धरावयाचा, हे काम दिसते तितके सोपे नाही. घाव खोल गेला तर पोय फुकट जाते. हयगय झाली तर रस आटतो. पावसापाण्यातही दिवसातून दोन-तीन वेळा माडावर चढावे लागते. पहाटेचा ताजा रस गोड, ती नीरा. ऊन चढू लागले की तोच रस आंबतो व माडी होते. त्यापासून गूळ होई, शिरका होई. गोमंतकात तर पोदेर याच सुरेने पावाचे पीठ फुगवीत. म्हणजे माडाचा रस हे केवळ मादक पेय नव्हते, तर स्वयंपाकघरातील साहित्यही होते. व्यसनाची तरफदारी करण्याचा आमचा हेतू नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आपल्याही समाजात झाली आहेत. परंतु कौशल्य आणि व्यसन या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढेच आमचे म्हणणे आहे.

या धंद्यावर पहिला मोठा घाला पडला तो १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने. त्यापूर्वी कर भरून भंडारी माडी काढी व बहुधा स्वतःच विकी. नव्या व्यवस्थेत झाड छेदण्यास परवाना, विक्रीस वेगळा परवाना, दुकानांचे मक्ते आणि घरगुती भट्ट्यांना मज्जाव असे निर्बंध आले. ज्याच्यापाशी भांडवल तो मक्तेदार झाला व ज्याच्यापाशी कसब तो मजूर झाला. पुष्कळ तरुणांनी कोयती ठेवून मुंबईची बोट धरली. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार १९५० साली संपूर्ण दारूबंदी आली, तेव्हा उरलेल्या धंद्यासही कुलूप लागले. पुढील दशकांत निर्बंध सैल झाले, तरी मोडलेली परंपरा पूर्ववत् जुळली नाही.

येथवर आम्ही आपल्यावरील अन्यायाची हकिकत सांगितली. पण ज्याच्या हातचे पेय इतर जाती पीत, त्या समाजाने इतरांच्या तहानेविषयी काय केले, हाही प्रश्न इतिहास विचारतो. सुदैवाने त्याचे उत्तर देण्यास आपल्यापाशी एक थोर नाव आहे. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात ठराव मांडून तो संमत करविला. सार्वजनिक पैशाने बांधलेली वा चालविलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या वर्गास खुल्या असाव्यात, असा तो ठराव होता. याच ठरावाचा आधार घेऊन महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचे ठरविले. परंतु कागदावरील हक्क ओंजळीत येईना. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सत्याग्रहींना मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, दावे चालले व १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. एका ओंजळभर पाण्यासाठी ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे लागली!

पाण्याची ही कथा, तर चहाची वेगळी काय असणार? रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहाचा पेला हाती घेतल्याचे निमित्त होऊन ग्रामण्य उभे राहिले, हे सर्वश्रुत आहे. लोकमान्यांची ही कथा, तेथे सामान्याचा पाड काय? म्हणूनच सुमारे चाळीस वर्षांनी रत्नागिरीत जे घडले त्याचे मोल जाणले पाहिजे. १९२४ पासून १९३७ पर्यंत बॅ. सावरकर येथे स्थानबद्ध होते. त्या काळात सहभोजनांची चळवळ सुरू झाली. १९३१ साली पतितपावन मंदिर सर्व हिंदूंना खुले झाले. ते बांधून देणारे दानशूर भागोजीशेठ कीर हे आपल्याच ज्ञातीचे. गरिबीत जन्मून, मुंबईत सुतारकामापासून आरंभ करून ते नामांकित कंत्राटदार झाले होते. १ मे १९३३ रोजी अखिल हिंदू उपहारगृह निघाले व तेथे चहा-फराळ देण्याच्या कामी महार समाजातील व्यक्तीची योजना झाली. मंदिरात देवापुढे हात जोडून बाहेर पडता येते. उपहारगृहात मात्र दुसऱ्याच्या हातचा घोट गळ्याखाली उतरवावा लागतो. आमच्या मते दुसरी कसोटी अधिक कठीण होती.

तथापि इतिहासलेखकाने मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्या उपहारगृहाच्या नावातच त्याची सीमा होती. मिरकरवाड्याच्या मुसलमान मच्छीमाराच्या जाळ्यातील मासा साऱ्या गावाच्या ताटात गेला, पण तो मच्छीमार पंगतीला बसला नाही. आपल्याच घरात पाहावे, तर हेतकरी, गावड, कित्ते इत्यादी पोटभेदांत रोटीबेटीस दीर्घकाळ आडकाठी होती. आबकारीचा मक्तेदार आपणांस तुच्छ लेखतो म्हणून आपण हळहळत होतो, त्याच सुमारास आपल्यातील एक दुसऱ्याच्या पानाला पान लावीत नव्हता. हे लिहिताना आम्हांस संकोच होतो. परंतु ज्ञातीच्या स्मरणिकेत हे लिहावयाचे नाही, तर लिहावयाचे कोठे?

आज रत्नागिरीची आगबोट इतिहासजमा झाली आहे. १९९८ पासून कोकण रेल्वे मुंबईपासून मंगळुरापर्यंत सलग धावू लागली. स्थानकावर उतरलेला प्रवासी सुरमईचे ताट व सोलकढीची वाटी मागवितो. शेजारच्या मेजावर कोण बसले आहे, याची चौकशी तो करीत नाही. हा बदल आपोआप झाला असे तरुण पिढीस वाटण्याचा संभव आहे. तसे नव्हे. त्यासाठी कोणी ठराव मांडला, कोणी मार खाल्ला, कोणी मंदिर बांधले, तर कोणी बहिष्काराची भीती न बाळगता चहाचा पेला ओठांस लावला.

आमची विनंती दोन गोष्टींची आहे. एक, ज्यांच्या घरी माडीचे जुने परवाने, खाणावळींच्या वह्या किंवा वडीलधाऱ्यांच्या आठवणी असतील, त्यांनी त्या जपून ठेवाव्यात व लिहून काढाव्यात. माडावर चढलेले हात आता थोडेच उरले आहेत. दुसरी, ज्ञातीच्या स्नेहसंमेलनाची पंगत आपण आजवर आपल्यापुरती मांडीत आलो. त्या पंगतीत इतर समाजाच्या शेजाऱ्यांसाठी चार पाने अधिक मांडावीत. बोले व कीर यांच्या तसबिरींस आपण दरवर्षी हार घालतो. त्या तसबिरींखाली कोण जेवावयास बसते, हेही यापुढे पाहिले जावे.