तिरुमणीचे कुष्ठरुग्णालय

चेन्नई बीचहून सुटणारी चेंगलपट्टू लोकल आपल्यापैकी अनेकांच्या रोजच्या परिचयाची आहे. पण चेंगलपट्टूजवळच्या तिरुमणी या गावाने वैद्यकशास्त्राच्या इतिहासात मोठी कामगिरी केली आहे, हे आपल्या मराठी मंडळींपैकी फार थोड्यांना माहीत असेल.

१९२४ साली तेथे लेडी विलिंग्डन कुष्ठरोग आरोग्यधाम सुरू झाले. मद्रासचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पत्नीचे नाव त्याला देण्यात आले. खर्चाला सरकारची मदत आणि कारभार स्कॉटिश मिशनऱ्यांचा, अशी व्यवस्था होती. हॅन्सन यांनी १८७३ मध्येच कुष्ठरोगाचे जंतू शोधले होते, तरी हा रोग म्हणजे पूर्वजन्मीचे पाप, हा समज समाजातून गेला नव्हता. औषध म्हणाल तर कडू कवठाच्या तेलाची वेदनादायक इंजेक्शने. त्यांचा गुण बेताचाच!

१९३० च्या दशकात डॉ. रॉबर्ट कॉक्रेन येथे आले आणि चित्र बदलू लागले. १९४६ च्या सुमारास त्यांनी डीडीएस, म्हणजेच डॅप्सोन, हे औषध तेलात मिसळून इंजेक्शनाने देऊन पाहिले. पुढे त्याच औषधाच्या स्वस्त गोळ्यांनी गोरगरीब रुग्णांना घरी राहून उपचार घेणे शक्य झाले.

१९४७ मध्ये वेल्लोरचे शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड येथे पाहुणे म्हणून आले. बोटे आखडलेल्या एका रुग्णाने त्यांचा हात दाबला, तो इतका जोरात की डॉक्टर चकित झाले. हात मेलेला नव्हता, मज्जातंतू बिघडल्यामुळे काही स्नायू तेवढे लुळे पडले होते. मग चांगल्या स्नायूचा कंडरा लुळ्या बोटांना जोडला तर? एक मार्ग बंद पडला की आम्ही गाडी दुसऱ्या मार्गाने वळवतो, तसाच हा विचार. त्यातून वेल्लोरला शस्त्रक्रिया सुरू झाल्या आणि निकामी ठरलेले हात पुन्हा कामाला लागले.

१९५५ मध्ये भारत सरकारने हे आरोग्यधाम आणि सैदापेटचे सिल्व्हर ज्युबिली बालचिकित्सालय ताब्यात घेऊन केंद्रीय कुष्ठरोग अध्यापन व संशोधन संस्था स्थापन केली.

हा विषय आपल्याला परका नाही. सेवाग्रामला परचुरेशास्त्रींची शुश्रूषा स्वतः गांधीजींनी केली. वर्ध्याची गांधी स्मारक कुष्ठरोग फाउंडेशन १९५१ पासूनची, आणि बाबा आमट्यांचे आनंदवन तर सर्वांच्या आदराचे स्थान.

१९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. आता सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते. आपल्या रेल्वेतही संसर्ग नसलेल्या कुष्ठरुग्णाला दुसऱ्या वर्गाच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. कायदा मात्र मागे राहिला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून निघाले ते २०१९ साली! मनातून तो कधी निघणार, हा प्रश्न आपल्या सर्वांपुढे आहे.

अंगावर बधिर, फिकट चट्टा दिसला तर तो लपवू नका, दवाखाना गाठा. आणि बरा झालेला माणूस डब्यात शेजारी येऊन बसला, तर जरा सरकून त्याला जागा द्या. विघ्नहर्त्याच्या उत्सवात एवढा संकल्प आपण नक्कीच करू शकतो.